गोष्ट अंगातून सांगताना: फिजिकल थिएटरच्या नटांसाठी कथनाची क्रमवार तालीम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील हौशी नाट्यसंघ आणि महाविद्यालयांचे गट फिजिकल थिएटरच्या, म्हणजे शब्दांइतकेच शरीराने सांगण्याच्या नाट्यप्रकाराच्या, अंगाने गोष्ट सांगू लागतात, तेव्हा एक चूक हमखास दिसते. निवेदक ‘नदीला पूर आला’ असे म्हणतो आणि त्याच क्षणी मागचे पाच जण हातांच्या लाटा करतात. ‘म्हातारी थकली होती’ असे म्हणताच एक मुलगी कमरेत वाकते. प्रेक्षकाला एकच माहिती दोनदा मिळते आणि दुसऱ्या वेळी ती फिकी झालेली असते. या चुकीचे मूळ नटांच्या कुवतीत क्वचितच असते. ते तालमीच्या क्रमात असते. संहिता आधी पाठ केली जाते आणि हालचाली तिला नंतर चिकटवल्या जातात, त्यामुळे शब्दांच्या मागे धावण्यापलीकडे शरीराला काही काम उरत नाही. पुढे दिलेला क्रम याच्या उलट आहे. गोष्ट आधी अंगात बसवावी, निवेदक आणि पात्र यांमधली ये-जा पक्की करावी आणि लिहिलेले शब्द त्यानंतरच आणावेत.

सर्व टप्प्यांसाठी एकच नमुना वापरला आहे, म्हणजे प्रत्येक पायरीवर नेमके काय बदलते ते दिसेल. नमुन्याची गोष्ट अशी: मलप्रभेच्या काठच्या एका गावातील बाई बाजारात मिरची विकून, त्या पैशांतून शेळी घेऊन परत निघते. वाटेत नदी चढलेली असते. नावाडी नाव सोडायला तयार नसतो. घरी तान्हे मूल आहे. ती नावाड्याला राजी करते, मध्यावर नाव भोवऱ्यात सापडते, आणि शेळी ठेवायची की सोडायची हे तिला ठरवावे लागते.

पूर्वतयारी

आठ ते बारा नट, आठवड्यातून चार दिवस, रोज दोन तास आणि एकूण सहा आठवडे असा हिशेब धरावा. यापेक्षा कमी वेळ असेल तर गोष्ट लहान करावी, टप्पे गाळू नयेत. खेड्यातील गट असेल तर रोपलावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत तालमी ठेवू नयेत, कारण दिवसभर चिखलात वाकून आलेल्या नटाच्या कमरेकडून संध्याकाळी पुन्हा काम घेणे अन्यायाचे आहे आणि दुखापतीचेही. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. खानापूरच्या बाजूला पाऊस लागला की पत्र्याच्या छपराखाली माणसाचा आवाज ऐकू येत नाही. तेवढ्या काळात निःशब्द टप्पे घ्यावेत आणि आवाजाचे काम उघडीप पाहून करावे.

जागा म्हणून देवळाचा सभामंडप, शाळेचे सभागृह किंवा एखादी मोकळी वखार चालते. जमिनीची पाहणी मात्र स्वतः करावी. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर उड्या मारल्या तर गुडघे आणि घोटे दुखावतात. त्यावर सतरंजी टाकली तर ती सरकते आणि पडण्याचा धोका वाढतो. फरशी कोरडी पुसून घ्यावी, अनवाणी काम करावे आणि उड्या व लोळण यांचे व्यायाम जाड गाद्यांवरच घ्यावेत. कपडे सैल पण पायात न अडकणारे असावेत. अंगठ्या, कडी, पैंजण आणि लांब कानातले काढून ठेवावे.

मुले-मुली एकत्र असलेल्या गटात पहिल्याच दिवशी स्पर्शाचे नियम स्पष्ट बोलावेत. कोणाला कुठे धरायचे, उचलायचे, आधार द्यायचा हे विचारून आणि होकार मिळवूनच करायचे, आणि कोणीही कारण न देता नकार देऊ शकेल. हे न बोलता पुढे गेलात तर मुली दोन आठवडे अंग चोरून काम करतात आणि प्रशिक्षक तो त्यांचा संकोची स्वभाव समजत राहतो.

गोष्ट निवडताना एकच कसोटी लावावी: तिच्यातल्या महत्त्वाच्या घटना डोळ्यांना दिसतील अशा आहेत का? जिचा सारा गाभा मनातल्या विचारांत किंवा लांबलचक संवादांत आहे, ती कितीही सुंदर असली तरी पहिल्या प्रशिक्षणासाठी उपयोगाची नाही.

टप्पा १: कागदाशिवाय गोष्ट

प्रशिक्षकाने गोष्ट एकदाच, तोंडी, साध्या शब्दांत सांगावी. लिखित प्रत कोणाला देऊ नये. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नटाने ती आपल्या घरच्या बोलीत शेजाऱ्याला सांगावी आणि शेजाऱ्याने ऐकताना फक्त हुंकार द्यावा. गोंधळात मुख्य गोंधळ्याला साथीदार जसा प्रश्न विचारतो, हुंकार भरतो आणि कथा पुढे ढकलतो, तसा हा श्रोता असावा. गप्प बसून ऐकणारा श्रोता या व्यायामाला चालत नाही. हुंकार कुठे आपसूक येतो आणि कुठे ओढून आणावा लागतो, हे सांगणाऱ्याला त्याच वेळी कळते.

सर्वांचे सांगून झाले की फळ्यावर घटनांचा सांगाडा मांडावा. प्रत्येक घटना एका वाक्यात आणि त्या वाक्यात एकच क्रियापद असावे: बाई शेळी विकत घेते; ती नदी पाहते; नावाडी नकार देतो; ती त्याला राजी करते; नाव सुटते; भोवरा नाव फिरवतो; ती शेळीचे दावे सोडते किंवा धरून ठेवते. सात-आठपेक्षा जास्त वाक्ये झाली तर त्यांतली काही वर्णने आहेत, घटना नाहीत, असे समजावे. ‘तिला खूप वाईट वाटते’ ही घटना नव्हे. ते वाक्य खोडून, तिने त्या क्षणी काय केले हे विचारावे.

पडताळणी: कोणत्याही नटाला झोपेतून उठवून विचारले तरी त्याला हा क्रम सांगता आला पाहिजे. शब्द वेगळे असले तरी चालतील, क्रम हलता कामा नये.

टप्पा २: रिकामे शरीर आणि ताणाच्या पायऱ्या

प्रत्येक नटाच्या उभे राहण्यात त्याच्या सवयी असतात. कोणी एका पायावर भार टाकतो, कोणी खांदे वर ओढतो, कोणी हनुवटी पुढे काढतो. या सवयी पुसल्या जात नाहीत, पण त्या नटाला कळल्या पाहिजेत, नाहीतर बाई, नावाडी आणि निवेदक असे तिघेही एकाच ढबीने उभे राहतात. पॅरिसमध्ये १९५६ साली नाट्यशाळा काढणाऱ्या झाक लकॉक यांच्या पद्धतीत यासाठी तटस्थ, म्हणजे कोणताही भाव नसलेला, मुखवटा वापरला जातो. तो नसेल तर कपाळापासून हनुवटीपर्यंत पातळ सुती कापड सैल बांधून काम भागते. डोळ्यांना दिसेल आणि श्वास घेता येईल एवढी मोकळीक ठेवावी. चेहरा झाकला की नट अभिनयाचा भार मानेवर, पाठीवर आणि पावलांवर टाकू लागतो. चालणे, थांबणे, मागे वळणे आणि दूरची वस्तू पाहणे एवढ्या चारच क्रिया पहिले दोन दिवस पुरतात.

त्यानंतर ताणाच्या सात पायऱ्या शिकवाव्यात. त्याही लकॉक यांच्या प्रशिक्षणातूनच प्रचलित झाल्या. पहिल्या पायरीवर अंगात त्राण नसते, दुसरीवर ते सैल आणि निवांत असते, तिसरीवर काटकसरीचे आणि तटस्थ, चौथीवर सावध, पाचवीवर काहीतरी घडणार या धास्तीने श्वास अडकलेला, सहावीवर भावनेने ओसंडणारे आणि सातवीवर दगडासारखे ताठ. एका पायरीवरून दुसरीवर जाताना प्रशिक्षकाने फक्त आकडा पुकारावा. नमुन्याच्या गोष्टीत बाई बाजारातून निघते तेव्हा दुसऱ्या पायरीवर असते, नदी दिसताच चौथीवर जाते आणि नाव फिरते तेव्हा सहावीवर. हे आकडे सांगाड्याच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहून ठेवावेत.

सावध: नट लगेच पाचव्या-सहाव्या पायरीकडे धावतात, कारण तिथे ‘अभिनय’ केल्यासारखे वाटते. पहिले चार दिवस पाचवीच्या वर कोणाला जाऊ देऊ नये. जो नट तिसऱ्या पायरीवर दोन मिनिटे स्वस्थ उभा राहू शकत नाही, त्याची सहावी पायरी म्हणजे नुसता आरडाओरडा असतो.

टप्पा ३: निःशब्द कथन

आता सांगाड्यातील प्रत्येक घटना नटाने एकट्याने, शब्दाविना आणि मूकाभिनयाच्या खुणा न करता दाखवावी. खुणा वर्ज्य आहेत हे वारंवार सांगावे लागते. पोटावर हात फिरवून भूक, बोटे चोळून पैसे, हात गालाखाली घेऊन झोप हे सगळे शब्दांचेच हातांनी केलेले भाषांतर आहे. त्याऐवजी क्रिया पूर्ण करायला लावावी. शेळी विकत घेताना बाई पैसे मोजते, पुन्हा मोजते, देताना एक नोट क्षणभर मागे ओढते. त्या मागे ओढलेल्या नोटेत तिची सारी परिस्थिती येते आणि त्यासाठी चेहऱ्यावर काही करावे लागत नाही.

क्रियेचा पोत बदलण्यासाठी नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांची मांडणी हाताशी ठेवावी. भार जड की हलका, वेळ अचानक की रेंगाळणारी, दिशा थेट की वळणाची, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून आठ प्रकारच्या हालचाली मिळतात: ठोसणे, दाबणे, पिळवटणे, सपकारणे, टिचकी मारणे, झटकणे, सरकणे आणि तरंगणे. एकच क्रिया, समजा नावाड्याने काठी उचलून बाजूला ठेवणे, या आठही प्रकारांनी करून पाहावी. काठी दाबत ठेवणारा नावाडी नकारावर ठाम दिसतो. झटकून ठेवणारा घाबरलेला दिसतो. नावाडी कोण आहे हे इथे ठरते. पुढे संवाद लिहिताना हा निर्णय फार उपयोगी पडतो, कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी लांब वाक्ये शोभत नाहीत.

पडताळणी: गोष्ट न ऐकलेल्या माणसाला समोर बसवावे आणि मधूनच थांबवून ‘आत्ता काय झाले?’ असे विचारावे. ‘ती दुःखी आहे’ असे उत्तर आले तर नट भाव दाखवत आहे. ‘ती पैसे द्यायला कचरते आहे’ असे आले तर तो क्रिया करत आहे. दुसरे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

टप्पा ४: निवेदक आणि पात्र यांमधली ये-जा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, पूर्ण दीड आठवडा लागला तरी हरकत नाही. कथन करणारा नट प्रेक्षकांशी बोलतो, मग गोष्टीच्या आत शिरतो आणि परत बाहेर येतो. ही ये-जा आपल्याकडे कीर्तनकार रोज करतो. एखादे चांगले नारदीय कीर्तन पाहायला गटाला घेऊन जावे आणि उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान सुरू झाले की नटांनी बुवांचे शब्द सोडून फक्त त्यांचे डोळे आणि पावले पाहावीत. तिथे दिसते ते असे: आधी नजर श्रोत्यांवरून सुटते, मग श्वास बदलतो, मग अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, आणि आवाज सर्वांत शेवटी बदलतो.

हौशी नट नेमका उलटा क्रम धरतो. म्हाताऱ्याचा आवाज आधी काढतो आणि अंग मागून कसेबसे वाकवतो. म्हणून व्यायाम असा घ्यावा.

जमिनीवर खडूने एक रेघ ओढावी. रेघेच्या पुढे निवेदक, मागे पात्र. नटाने रेघ ओलांडताना नजर, श्वास, भार हा क्रम पाळावा आणि पात्राच्या जागी पोहोचल्यावर तीन श्वास गप्प राहावे. तिसऱ्या दिवशी पावलाऐवजी अर्धे पाऊल, चौथ्या दिवशी टाचेचा नुसता कल, आणि आठवड्याच्या अखेरीस रेघ पुसून टाकावी. त्यानंतर बदल फक्त भारातून आणि नजरेतून दिसला पाहिजे.

एकाच नटाने बाई आणि नावाडी ही दोन्ही पात्रे करायची असतील तर नजरेच्या जागा बांधाव्या लागतात. बाई काठावर उभी आहे आणि नावाडी नावेत बसलेला आहे, म्हणजे ती खाली पाहते, तो वर पाहतो. भिंतीवर दोन उंचींवर चिकटपट्टीचे तुकडे लावावेत आणि महिनाभर काढू नयेत. नजर चार बोटे जरी इकडेतिकडे झाली तरी प्रेक्षकाच्या मनातला नावाडी उठून उभा राहतो.

आता दाव्याकडे या, कारण सारा कस तिथेच लागतो. शेळी कोणीही करायची नाही. चार पायांवर चालणारा नट आणला की प्रेक्षक हसतात आणि शेवटच्या निर्णयाचे वजन जाते. शेळी आहे ती बाईच्या डाव्या मुठीत. दावे धरलेली मूठ मांडीच्या उंचीवर, अंगठा वरून, थोडी मागे. शेळी अडते तेव्हा मूठ आधी मागे जाते, मग कोपर ताणते, मग खांदा आणि सर्वांत शेवटी बाईचे तोंड वळते. तोंड आधी वळले तर शेळी नाहीशी होते, कारण ओढ मागून आली असे दिसतच नाही. हा क्रम नटांनी इतका करावा की बोलताना त्याची आठवण ठेवावी लागू नये.

आणि मग खरा प्रश्न येतो: बाईची भूमिका सोडून नट निवेदक झाला, तर दावे कुठे गेले? बहुतेक नट मूठ सहज उघडतात. त्या क्षणी प्रेक्षकाला काही सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास सैल होतो आणि शेवटी बाई दावे सोडते तेव्हा त्याला काहीच वाटत नाही, कारण ते याआधी दहा वेळा सुटलेले असते. इथे दोनच मार्ग आहेत. निवेदनाआधी शेळी कुठेतरी बांधावी किंवा निवेदन चालू असतानाही डावी मूठ मिटलेलीच ठेवावी. दुसरा मार्ग अवघड आहे आणि मला तोच योग्य वाटतो. निवेदक उजव्या हाताने, नजरेने आणि पावलांनी सगळी गोष्ट सांगतो आणि डावा हात सबंध प्रयोगभर शेळीला बांधलेला राहतो.

पडताळणी: प्रवेशाचे चित्रीकरण मोबाईलवर करावे आणि आवाज बंद करून पाहावे. नट निवेदक केव्हा आणि पात्र केव्हा हे आवाजाविना ओळखता आले नाही, तर खडूची रेघ पुन्हा ओढावी.

टप्पा ५: शब्द कधी आणि किती

आता लिहिलेली संहिता गटापुढे येऊ द्यावी आणि तीही पाठ करण्यासाठी नव्हे, छाटण्यासाठी. एका नटाने वाचावे, दुसऱ्याने आतापर्यंत बसलेले निःशब्द कथन त्याबरोबर करावे. शरीराने आधीच सांगितलेला प्रत्येक शब्द पेन्सिलने खोडावा. विशेषणे आणि क्रियाविशेषणे सर्वांत आधी जातात. ‘घाबरत घाबरत’, ‘जड पावलांनी’, ‘डोळ्यांत पाणी आणून’ असले काही उरता कामा नये. लेखक गटातलाच असेल तर त्याला हे लागते. त्याला शेजारी बसवून, पेन्सिल त्याच्याच हाती द्यावी.

उरलेल्या प्रत्येक वाक्यासाठी शब्द आणि शरीर यांचे नाते ठरवावे. नाती चार प्रकारची असतात. शब्द आधी येतो आणि शरीर नंतर त्याचा परिणाम दाखवते. शरीर आधी येते आणि शब्द नंतर त्याला नाव देतो. शब्द एक सांगतो आणि शरीर दुसरेच करते. किंवा दोहोंपैकी एकच असते. शब्द आणि शरीर एकाच क्षणी एकच गोष्ट सांगतात हे पाचवे नाते वर्ज्य समजावे. सबंध प्रयोगात एखाद्याच ठिकाणी, ठासून सांगायचे असेल तेव्हा, ते राखून ठेवावे.

‘नदीला पूर आला होता’ हे वाक्य घ्या. पहिल्या प्रकारे निवेदक ते सपाट आवाजात सांगून थांबतो आणि मग बाई पातळाचा काठ उचलून एक पाऊल मागे घेते. दुसऱ्या प्रकारे ती आधी मागे सरते, पुन्हा मागे सरते, आणि कारण नंतर कळते. तिसऱ्या प्रकारे निवेदक म्हणतो, ‘त्या दिवशी मिरचीला भाव बरा लागला होता,’ आणि बाई पावलापावलाने मागे सरत राहते. पुराचा उच्चारही होत नाही. तिन्ही करून पाहावीत आणि गटाला निवडू द्यावे. नटांना तिसरा प्रकार सापडला की ते सगळीकडे तोच वापरू लागतात, आणि मग प्रेक्षकाला गोष्टच कळेनाशी होते. घटना बदलते त्या सांध्यावर पहिला किंवा दुसरा प्रकार ठेवावा, तिसरा फक्त घटनेच्या पोटात.

सावध: या टप्प्याआधी कोणी संहिता पाठ करून आला असेल तर त्याला तात्पुरते निवेदन देऊ नये. समूहात ठेवावे, म्हणजे पाठांतराची लय अंगातून निघून जाते.

टप्पा ६: समूह

समूहाने नदी करायची असते तेव्हा सगळे हात वर जातात. ते थांबवण्यासाठी प्रश्न बदलावा. नदी कशी दिसते हे विचारू नये, ती बाईचे काय करते हे विचारावे. ती तिच्या पायाखालची जमीन घेते. म्हणून सहा नट जमिनीवर ओळीने बसून, एकेक वीत पुढे सरकत बाईची जागा खातात. त्यांनी लाटेसारखे हलण्याची गरज नाही. बाईला उभे राहायला चार पावलांची जागा होती, ती दोन पावलांची होते, मग एकाची, आणि प्रेक्षकाला पूर कळतो.

यासाठी नटांना एकमेकांच्या हालचालीला त्या क्षणी उत्तर देता आले पाहिजे. अमेरिकेतील मेरी ओव्हरली यांनी मांडलेल्या आणि अ‍ॅन बोगार्ट व टीना लँडाऊ यांनी विस्तारलेल्या व्ह्यूपॉइंट्स पद्धतीत याचा नेमका सराव आहे: ठरवून काही न करता, शेजारी थांबला की थांबणे, कोणी धावले की त्या वेगाला अंगाने प्रतिसाद देणे. रोज वीस मिनिटे, संगीताशिवाय. दुसरा सराव थव्याचा. चौघे शंकरपाळीच्या आकारात, एक जण टोकाला पुढे, सर्वांची तोंडे एकाच दिशेला. जो पुढे असेल तो चालवतो आणि गट वळला की पुढे येणारा नवा माणूस सूत्रे घेतो. वारकरी कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी बुवांचा चरण उचलतात तेव्हा ते ऐकून उचलतात, मोजून नव्हे. समूहाकडून तेवढेच अपेक्षित आहे, आणि तेवढे यायला वेळ लागतो.

पडताळणी: समूहातील प्रत्येकाला अलगद विचारावे, ‘या घटनेत तुझ्यामुळे बाईला काय करावे लागले?’ उत्तर नसलेला नट त्या घटनेपुरता बाहेर बसवावा. रिकामी जागा निरुपयोगी माणसापेक्षा बरी.

टप्पा ७: वस्तू आणि ताल

वस्तू दोनच घ्याव्यात: एक घोंगडी आणि एक वेळूची काठी. काठीला चिरा नाहीत ना, टोके गुळगुळीत आहेत ना, हे रोज पाहावे. घोंगडी बाईच्या खांद्यावर असते, मग नावेची कड होते, आणि शेवटी मूल. एका वस्तूची तीनपेक्षा जास्त रूपे करू नयेत. प्रत्येक रूपांतर प्रेक्षकांसमोर आणि एखाद्या क्रियेतून व्हावे, पाठ फिरवून नव्हे.

तालासाठी हलगी किंवा संबळ सहज मिळते आणि नेमका त्याचाच धोका आहे, कारण हलगी कडाडली की अंग आपसूक उसळते आणि नटाला वाटते की आपण काहीतरी केले. म्हणून वाद्य शेवटच्या दोन आठवड्यांतच आणावे. वाजवणारा नटांकडे पाहून वाजवतो, नट त्याच्या ठेक्यावर चालत नाहीत. निवेदनाच्या वाक्यावर थाप पडली तर वाक्य गेले असे समजावे. थाप दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसवावी.

टप्पा ८: बोली आणि आवाज

आपल्या भागात या टप्प्यावर एक खास अडचण येते. घरी, शेतात आणि मित्रांत सीमाभागाची मराठी बोलणारा नट निवेदनासाठी उभा राहिला की पुस्तकी मराठी काढतो आणि त्याच क्षणी त्याची छाती वर येते, हात शिवणीला चिकटतात आणि चार आठवड्यांचे अंगाचे काम निघून जाते. जिभेला परका कपडा घातला की अंगही अवघडते. म्हणून निवेदन आधी बोलीतच बसवावे. ‘मामा, सोडा की नाव.’ ‘नको गं, पाणी वाढूलालंय की.’ एवढ्या दोन वाक्यांत नट जसा उभा राहतो, तसाच तो निवेदनभर उभा राहिला पाहिजे. पुढे निवेदनाची काही वाक्ये प्रमाण मराठीत न्यायची असतील तर एकेक न्यावी आणि प्रत्येक वेळी खांदे पाहावेत. संकेश्वर-निपाणीकडची बोली आणि खानापूर-बेळगावकडची बोली यांत फरक आहे. गट मिश्र असेल तर प्रत्येकाने आपलीच बोलावी, दुसऱ्याची नक्कल करू नये. नक्कल केली की ती थट्टेसारखी ऐकू येते.

आवाजाचे काम नेहमी हालचालीबरोबर करावे. बसून केलेला आवाजाचा रियाज धावताना उपयोगी पडत नाही. जागच्या जागी पळत एक वाक्य, मग वाकलेल्या स्थितीत तेच, मग कोणाचा तरी भार पाठीवर घेऊन तेच वाक्य म्हणावे. वाक्याच्या मध्यात श्वास तुटत असेल तर वाक्य तोडावे, श्वास ओढू नये. घसा खवखवू लागला की त्या दिवशी आवाजाचे काम बंद करावे. कोमट पाणी आणि विश्रांती याला पर्याय नाही.

टप्पा ९: प्रेक्षकांपुढे तपासणी

जाहीर प्रयोगाआधी दोन वेगवेगळ्या बैठका घ्याव्यात. पहिलीला मराठी न येणारे कन्नड भाषक शेजारी बोलवावेत. बेळगावात ते शोधायला लांब जावे लागत नाही, आणि यांच्यासारखा प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी श्रीकृष्ण पारिजातासारखे आपले लोकनाट्य पाहिलेले असते, त्यामुळे सांगणारा आणि सोंग यांची ये-जा त्यांना नवखी नसते. प्रयोग संपल्यावर आवडला का हे विचारू नये. गोष्ट सांगा, एवढेच म्हणावे, आणि दुभाष्याने त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. सांगाड्यातील कोणती घटना त्यांच्या सांगण्यात आली नाही, ती शरीरात अजून बसलेली नाही. कोणती घटना चुकीच्या जागी आली, तिथला सांधा सैल आहे. दुरुस्ती टप्पा ३ किंवा ४ पर्यंत मागे जाऊन करावी. वरून एखादे वाक्य घालून भोक बुजवण्याचा मोह टाळावा.

दुसरी बैठक मराठी प्रेक्षकांची, आणि तिच्यात उलटे विचारावे: कोणते वाक्य नसते तरी चालले असते? दोघातिघांनी एकच वाक्य सांगितले तर ते दुसऱ्या दिवशी गाळून प्रयोग करावा. प्रयोग लंगडला तर वाक्य परत घ्यावे.

या दोन बैठकांनंतर नटांना सूचना देताना एका वेळी प्रत्येकी एकच द्यावी आणि ती क्रियेच्या भाषेत द्यावी. ‘अजून भाव हवा’ ही सूचना नटाला काहीच सांगत नाही; ‘दावे सोडण्याआधी मूठ एकदा आवळ’ ही त्याला लगेच करून पाहता येते. सूचना वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात, कारण तीच सूचना तिसऱ्यांदा लिहावी लागली तर दोष नटाचा नसून आधीचा एखादा टप्पा घाईने उरकला गेलेला असतो, आणि तो कोणता हे वही चाळल्यावर सापडते.